माश्यांची राखण

अण्णा, काल दुपारी ओढ्यावर जाऊन आले. आपल्या मळ्यामागं दरड आहे ना, उभी कापल्यासारखी, तिथं परत भोकं पडली आहेत. येड्या राघूंच्या घरट्यांची. जिथं आपण चिखल कोंबला होता तिथंच, हातभर इकडं नाहीतर तिकडं. मी खाली उभी राहून बघत होते आणि मला इतका राग आला, की तुम्ही समोर असतात तर काय बोलून बसले असते ते माझं मलाच सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुमच्यावर रागवायचं मी जवळजवळ सोडून दिलं होतं. मेलेल्या माणसावर रुसून बसायचं तरी किती, आणि बसलं तर समजूत काढायला येणार कोण? पण परवा तुमच्या धाकट्यानं बांधावर चहा पिता पिता एक गोष्ट सांगितली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. म्हणून लिहायला बसले. भाचीच्या पॅडचे कागद मागून घेतलेत. तिला सांगितलंय, मैत्रिणीला पत्र लिहितेय. या वयात आत्याला कोण मैत्रीण, असं तिच्या तोंडावर दिसलं.

तुम्हाला आठवतंय का, त्या साली तुम्ही पहिल्यांदा कांद्याचं बी घ्यायचं ठरवलं होतं. चांगले निवडून कांदे लावले, त्यांना कंबरेएवढे दांडे आले आणि दांड्यांच्या टोकाला पांढरे गोल गोंडे. सकाळच्या उन्हात तो तुकडा असा दिसायचा की रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. तेलगावच्या बाजारात कुणीतरी तुमच्या कानावर घातलं, की नुसती फुलं येऊन उपयोग नाही, माश्या फिरल्या तरच बी धरतं. मग तुम्ही कुठून कुठून तपास काढून तो पेट्यावाला माणूस गाठला. त्यानं विहिरीजवळच्या बाभळीखाली मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. गाव लोटलं होतं बघायला. चुलते म्हणाले, लोक पैसे देऊन बैल आणतात, गड्यानं माश्या आणल्या. तुम्ही हसलात, पण तो बोल तुम्हाला लागला होता. तुमचं तसंच होतं. हसल्यावर लागलंय की नाही हे फक्त आईला आणि मला कळायचं.

आणि मग राघू आले. ते काही नवीन नव्हते, दरडीत त्यांची घरं आधीपासून होती, पण आजवर त्यांच्याकडं बघायला सवड कुणाला होती? विहिरीवरच्या मोटारीच्या तारेवर येऊन ओळीनं बसायचे. हिरवेगार, डोक्यावर तांब्याचा रंग, डोळ्यातून काळी रेघ ओढलेली, शेपटीतून एक बारीक काडी निघालेली. तारेवरून झेप घ्यायची, हवेतल्या हवेत माशी धरायची आणि परत त्याच जागी येऊन बसायचं. तुम्ही जवारीच्या राखणीवर वाढलेले. पाखरू दिसलं की ते आपलं काहीतरी खातंय, एवढंच तुम्हाला ठाऊक. तुम्ही मला एक पत्र्याचा डबा आणि काठी दिलीत आणि सांगितलंत, शाळा सुटली की हितं यायचं, डोळ्यात तेल घालून बसायचं, तारेवर एक बी टिकू द्यायचा नाही. मी दहावीला होते. बाकीच्या गावात पोरी जवारीची राखण करायच्या, मी माश्यांची. शाळेतल्या मुली विचारायच्या, काय गं, माश्या मोजून पेटीत घालतीस का संध्याकाळी? मी पण हसायचे. मला तरी दुसरं काय येत होतं!

खरं सांगू का, मला ती राखण आवडायला लागली होती. बांधावर पोतं टाकून बसायचे, मांडीवर पुस्तक, हाताशी डबा. एक धडा वाचायचा आणि डबा वाजवायचा. राघू उडायचे, एक फेरी मारायचे, परत येऊन बसायचे. त्यांना माझी सवय झाली होती आणि मला त्यांची. माशी धरली की लगेच गिळत नसत. धुणं आपटावं तशी तारेवर आपटायचे, इकडून तिकडून घासायचे, नांगी गेली याची खात्री झाली की मग गळ्याखाली उतरवायचे. मला वाटायचं, किती शहाणं पाखरू आहे आणि लोकांनी नाव काय ठेवलंय. हे तुम्हाला एकदा बोलून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, शहाणपण पाखराचं नको बघू, पुस्तकात बघ. म्हणजे मी शिकावं असं तुम्हाला वाटत नव्हतं, असं नाही. मला ते म्हणता येत नाही, आणि तेच तर खुपतं. परीक्षेच्या आधी तुम्ही तेलगावहून माझ्यासाठी घड्याळ आणलं होतं. सोनेरी पट्ट्याचं. पट्टा ढिला व्हायचा, म्हणून चुलीपुढं बसून बारीक खिळ्यानं त्याच्या कड्या काढल्यात, मनगटाला लावून बघितलंत, परत काढल्यात. आईला म्हणालात, पेपरात येळ कळाया पाहिजे, न्हाईतर घाई हुती. तुम्ही दुष्टच असतात तर माझं काम सोपं झालं असतं.

परीक्षा तोंडावर आली आणि गोंड्यांवर फुलकीड पडली. बारीक, डोळ्याला धड न दिसणारी. तुम्ही औषधाच्या दुकानातून बाटली आणली आणि सकाळी ऊन चढल्यावर पाठीवर पंप घेऊन फवारायला लागलात. गोंडे माश्यांनी भरले होते. कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. कापसावर फवारतात तसं कांद्यावर फवारलं, झालं. मी आपली डबा घेऊन बांधावर. त्या दुपारी एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. राघू तारेवर फिरकलेच नाहीत. डबा वाजवायची गरजच पडली नाही. मी निवांत पाठांतर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा खच. बाभळीखाली पाय ठेवायला जागा नाही. काही अजून पाठीवर पडून पाय हलवत होत्या. निरोप गेला, पेट्यावाला आला, त्यानं एकेक झाकण उचललं आणि परत ठेवलं. तोवर चुलते आले, शेजारच्या वस्तीवरची माणसं आली. सगळे तुमच्याकडं बघत होते, आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. म्हणालात, पाखरांनी वाट लावली, पोरगी राखणीला बसवली होती, ती पुस्तकात तोंड खुपसून बसली. मला आधी समजलंच नाही की हे माझ्याबद्दल चाललंय. मग समजलं. आणि मी बोलले. मला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं. गणितात चूक दिसली की बोट दाखवावं, तसं दाखवलं.

"अण्णा, राघूनं खाल्ल्या असत्या तर मेलेल्या हितं कशा पडल्या असत्या?"

पेट्यावाल्यानं मान खाली घातली, त्याला ते आधीच कळलेलं असणार. आणि चुलते हसले. ते हसले नसते तर पुढचं कदाचित घडलं नसतं, असं मी अजून धरून चालते. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला. एक राखण जमंना, अन् परीक्षा द्याया निघाली. बस आता घरी."

मला वाटलं रागाचं बोलणं आहे, सांजेपर्यंत उतरेल. तुमचा राग उतरायचा. त्या सांजेला तुम्ही कुठंतरी बाहेर गेलात, आल्यावर न जेवता बाजेवर पडून राहिलात. मी चुलीपाशी गेले. आई भाकरी थापत होती, डोळे धुरानं का कशानं लाल झालेले. मी म्हटलं, आई, मी काय खोटं बोलले का? तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तू बरोबरच बोललीस. पण चारचौघांत कशापायी बोललीस?" त्या वयात मला तो प्रश्न कळला नव्हता. बरोबर असेल तर चारचौघांत बोलायला काय होतं, असंच वाटायचं.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी अंघोळ करून गणवेश घातला, वेणी घातली, घड्याळ बांधलं. कंपासपेटीत हॉलतिकीट घडी करून ठेवलं. मैत्रीण सायकल घेऊन रस्त्यावर येणार होती. मी उंबऱ्यातून बाहेर पडले तर तुम्ही अंगणात उभे, हातात खोरं, पायाशी घमेलं. म्हणालात, "चल. भोकं बुजवायची हायेत." एवढंच. मी आईकडं बघितलं, आईनं जमिनीकडं. रस्त्यावरून सायकलची घंटी वाजली, थोड्या वेळानं परत वाजली, मग बराच वेळ वाजत राहिली. तुम्ही पुढं चालत होतात आणि मी मागं, डोक्यावर घमेलं घेऊन. घंटी थांबली ते मला पाठीमागून ऐकू आलं.

ओढ्यात पाणी थोडंच होतं. मी चिखल कालवून देतेय, तुम्ही दरडीला पाय रोवून एकेका भोकात तो कोंबताय, वरून दगड ठोकताय. आत अंडी असतील, पिल्लं असतील, असं माझ्या मनात येत होतं, पण बोलायची सोय उरली नव्हती. एक राघू चोचीत माशी घेऊन आला. त्याला त्याचं भोक सापडेना. दरडीसमोर हवेत फडफडला, मागं गेला, परत आला. शेवटी बाभळीच्या काटकीवर जाऊन बसला, माशी तशीच चोचीत. ती त्यानं आपटली नाही की गिळली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी चिखलात उभी राहून बघितलं. आणि मग तुम्ही, माझ्याकडं न बघता, सवयीनं विचारलंत, "किती वाजले गं?" मी हात झटकला, मनगट वर करून बघितलं. काचेवर चिखल लागला होता, तो ओढणीला पुसला. म्हटलं, अकरा. अकराला पेपर सुरू व्हायचा. तुम्ही पुढच्या भोकात हात घातलात.

त्यानंतरचं काय सांगू, तुम्हीच तर केलंत सगळं. आधी म्हणालात, एक बुडाला, आता बाकीचे देऊन काय, ऑक्टोबरला बघू. ऑक्टोबरच्या आधी चौसाळ्याकडचं स्थळ आलं आणि उन्हाळ्यातच अक्षता पडल्या. नवरा चांगला निघाला, सासू तोंडाची तिखट पण मनानं बरी होती, हायवेला आमचं किराणा दुकान आहे, मुलं शिकली. माझं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण दुकानात येणारी माणसं माझं बोलणं ऐकून विचारतात, वहिनी, शिक्षण किती? मी म्हणते, नववी. त्यांना खरं वाटत नाही. मग मी हसून सांगते, दहावी येड्या राघूनं खाल्ली. लोक खो खो हसतात. इतकी वर्षं हाच एक विनोद मी विकत आलेय, साखर-चहापत्तीबरोबर. त्यात तुमचं नाव कधी येत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं का?

आता परवाचं सांगते. भावजयीचं ऑपरेशन झालंय, घरात करायला कुणी नाही आणि भाचीची दहावी, म्हणून धाकट्यानं मला बोलावून घेतलं. मी स्वयंपाक करते, पोरगी आतल्या खोलीत पंख्याखाली अभ्यास करते. मळ्यात कांद्याचं बी आहे, अगदी तुमच्या वेळी होतं तसं पांढरंशुभ्र. बाभळीखाली पेट्या आहेत. तारेवर राघू बसलेत. आणि बांधावर कुणीही नाही. मी धाकट्याला विचारलं, राखण कोण करतं रे? तो हसायलाच लागला. म्हणाला, "ताई, पाखरू खाऊन खाऊन किती खाईल? अण्णा म्हणायचे, पाखरू पोटापुरतं खातं, औषध समदंच खातं." मग त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की फुलं आहेत तोवर सकाळी पंप हातात घ्यायचा नाही, फवारायचंच असलं तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत गेल्यावर, आणि तेही दुकानदाराला विचारून. हे सगळं अण्णांनी शिकवलं. त्यालाच नाही, साऱ्या गावाला. कुणी बी लावलं की तुम्ही आपल्या पायानं त्याच्या बांधावर जायचात म्हणे. मी विचारलं, आणि अण्णांना कुणी शिकवलं?

"तुझ्याच टायमाला की. माश्या मेल्या ना, त्याच सांजंला औषधवाल्याकडं गेलते. त्यानं सांगितलं. लई हळहळायचे. म्हणायचे, माझ्या हातानं मेल्या."

तो सहज बोलला. त्या वेळी तो लहान होता, पेपर कुठल्या दिवशी होता हे त्याच्या ध्यानात असायचं काही कारण नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याच सांजेला. म्हणजे तुम्ही न जेवता बाजेवर पडलात ते हे कळून आल्यावर. म्हणजे पेपरच्या सकाळी अंगणात घमेलं घेऊन उभे होतात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. दरडीला पाय रोवून चिखल कोंबताना ठाऊक होतं. किती वाजले म्हणून विचारलंत तेव्हाही. इतकी वर्षं मी तुम्हाला एक सवलत देत आले होते, अण्णा. म्हणायचे, त्यांना खरंच पाखरांवर संशय होता, अडाणी माणूस, रागाच्या भरात झालं. ती सवलत तुम्ही काढून घेतलीत. तुम्ही माझा पेपर बुडवला तो पाखरांसाठी नाही, माश्यांसाठी नाही. मी चारचौघांत बरोबर निघाले आणि चुलते हसले, एवढ्यासाठी. आणि ती भोकं बुजवलीत, ती गावानं बघावं म्हणून.

हळहळायचे म्हणे. कुणासाठी? तर माश्यांसाठी. गावभर बांधाबांधावर जाऊन माझ्या हातानं मेल्या म्हणायला तुम्हाला लाज वाटली नाही. वर त्याचंच नाव झालं, अण्णांसारखा जाणता माणूस नाही म्हणून. मग माझ्या दारात काय अडचण होती? दर दिवाळीला यायचात. दुकानाच्या फळीवर बसायचात, चहा प्यायचात, नातवंडांना गोळ्या द्यायचात. माझ्या तोंडून तो राघूचा विनोद तुम्ही स्वतःच्या कानानं ऐकलाय, गिऱ्हाईक हसलं तेव्हा तुम्हीसुद्धा हसलात. साऱ्या गावाला सांगितलेली गोष्ट एकट्या माझ्यापासून लपवलीत, आणि ती गोष्ट तर माझीच होती. शेवटी बीडच्या दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसून होते. पाणी मागितलंत, पाणी दिलं. कूस बदलून दे म्हणालात, दिली. एकदा माझं मनगट धरलंत, घड्याळाच्या काचेवर अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "चालतंय का?" मी म्हटलं, चालतंय की. तुम्ही डोळे मिटलेत. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला ग्लानी आलीय. आता वाटतं, तेवढ्यावरच भागवलंत. तुमच्या हिशोबी ते सांगणं झालं असेल. माझ्या नाही.

काल जेवताना भाचीनं विचारलं, आत्या, तू दहावी का नाही दिलीस? धाकटा समोरच होता. परवापासून त्यालाही काहीतरी उमगलं असावं, कारण त्याचा घास हातातच थांबला. मी मनात म्हटलं, आता सांगायचं. सगळं सांगायचं. भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याच्यासमोर सांगायचं. पोरगी मोठी आहे, तिला कळलं पाहिजे. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? दहावी येड्या राघूनं खाल्ली गं. ती खिदळली, म्हणजे काय म्हणाली. मग मी राखणीची गोष्ट सांगितली, डबा सांगितला, आजोबांनी खिळ्यानं कड्या काढून दिलेलं घड्याळ सांगितलं, पाखरांनी माश्या खाल्ल्या आणि त्या गडबडीत पेपर राहून गेला असं सांगितलं. ती म्हणाली, आजोबा किती भारी होते ना. मी हो म्हटलं. धाकट्यानं मान वर केली नाही. आईचा तो प्रश्न मला आता कळतो, अण्णा. आपलेच दात, आपलेच ओठ. चारचौघांत बोलायचं नाही, हे तुम्ही ओढ्यात उभं करून शिकवलंत, ते मी विसरले नाही. दहावीचं बाकी सगळं विसरले.

हे कागद मी फाडणार आहे की पिशवीत ठेवणार आहे, ते अजून ठरवलं नाही. एक सांगायचं राहिलं. हात धुताना भाची मागं आली. म्हणाली, उद्या मराठीचा पेपर आहे, मोबाईल आत नेऊ देत नाहीत, घरात एकही घड्याळ नाही. "तुझं ते आजोबांनी दिल्यालं घड्याळ हाय का गं अजून? मला देशील?" ते माझ्या पिशवीतच होतं. वर्षानुवर्षं सेल बदलत आलेय मी त्याचे. मी म्हटलं, बंद पडलंय ते, बाबांना सांग तेलगावहून नवीन आणायला.

बंद नाही. चालतंय. मला ते द्यायचं नव्हतं.